पिवळी, करडी आणि झाकलेला ड्रम

त्या बॅण्डमध्ये खुर्ची मिळवायची तर हात चालायला हवेत हे झालंच, पण त्याआधी तोंड चालायला हवं. नियम आत्याचा होता. नव्या माणसाने शिंप्याच्या कापड बेतायच्या टेबलाशी रिकाम्या हातांनी बसायचं आणि गाणं सांगायचं. गुणगुणायचं नाही, बोटांनी टेबल वाजवायचं नाही, नुसतं सांगायचं: आधी कोण येतं, कोण थांबतं, कोण कोणाचं बोलणं तोडतं, शेवटी दार कोण लावून घेतं. आत्याचं म्हणणं असं, की हात सवयीने खोटं बोलतात, तोंडाला मात्र सगळं आठवावंच लागतं.

या परीक्षेतून सगळे गेले होते. डबल बेस वाजवणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी त्यांचं गाणं इतक्या सावकाश सांगितलं होतं म्हणे, की तेवढ्यात शिंपीकाकांच्या दोन पॅण्टींच्या तळपट्ट्या दुमडून झाल्या. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवायची सवय, स्वतःचं उघडायची वेळच येत नाही, असं शिंपीकाका म्हणाले होते. शिंपीकाका क्लॅरिनेट वाजवायचे आणि बॅण्ड त्यांच्याच दुकानात जमायचा. त्या जागेत पूर्वी नाच शिकवायचा वर्ग होता. वर्गवाले जागा सोडून गेले तेव्हा पियानो दारातून निघेना, म्हणून तो तसाच राहिला, आणि पियानोमागोमाग आत्या आली. ती आठवडाभर पोस्टाच्या खिडकीमागे बसायची आणि रविवारी पियानोपाशी, दोन्हीकडे तितक्याच ताठ पाठीने. ट्रम्पेट बाबांकडे होता. बाबा तिचा मधला भाऊ, त्यामुळे बॅण्डमध्ये त्यांचं मत विचारलं जायचं आणि सोडून दिलं जायचं.

रिकामी होती ती ड्रमची खुर्ची. आणि ती टकळीला, म्हणजे ट्रम्पेटवाल्या बाबांच्या मुलीला, हवी होती.

टकळी हे नाव आत्यानेच ठेवलेलं, आणि तेही याच वर्षी. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी मिठाची गुळणी धरून बसायची. वर्गात ‘हजर’ म्हणतानासुद्धा तिचे कान लाल व्हायचे. मग शाळेच्या कार्यक्रमात ड्रम वाजवणारा मुलगा आजारी पडला, कोणीतरी हिला ढकललं, ही बसली, वाजवलं, आणि लोक चक्क उभे राहिले. त्या दिवशी हातांबरोबर तिच्या जिभेलाही चाकं फुटली. आता ती जेवताना बोलायची, दात घासताना बोलायची, आणि आई म्हणायची की ही झोपेतसुद्धा कोणालातरी काहीतरी पटवून देत असते.

रविवारी तिला दोन गाणी सांगायची होती, एक पिवळी आणि एक करडी. ही काही त्यांची खरी नावं नव्हेत, पण घरात तेच चालायचं. पिवळी म्हणजे पिवळ्या लेबलाची जुनी तबकडी, मायक्रोफोन नव्हता त्या काळातली. खोलीत आवाज टिपायला एक भलामोठा कर्णा लावायचे आणि सगळ्यांनी त्याच्या तोंडाशी वाजवायचं. सात माणसं एकदम बोलतात आणि तरी भांडण होत नाही, असं ते गाणं. नाचाच्या हॉलमध्ये घाम पुसत वाजवायचं, आणि तबकडी संपायच्या आत संपवायचं, म्हणून शेवटी सगळे जिना उतरल्यासारखे धडाधडा उतरतात. करडी कितीतरी वर्षांनंतरची, करड्या वेष्टनातली. तिथे चारच माणसं, आणि ती तबकडीची अख्खी बाजू खातात. सुरुवातीला नुसता बेस, बराच वेळ. मग घरात सगळे झोपलेत हे माहीत असलेल्या माणसाने दिवा न लावता आत यावं तसा सॅक्सोफोन येतो. मागे ड्रमवाला तारांच्या ब्रशने काहीतरी झाडतोय, पुसतोय, आणि मध्येच अशी एक झांज, की पोटात गार पडावं.

टकळीचा जीव करडीत होता. पिवळी तिला नुसती सहन व्हायची. कारण उघड होतं. पिवळीत ड्रमवाला नावाचा जो कोणी आहे तो अख्खं गाणं लाकडाचा ठोकळा टकटकवत बसलेला. टकटक, टकटक, शेवटी एक झांज, तीही लगेच हाताने धरून गप्प केलेली. आत्याच्या बॅण्डमध्येही ते तस्संच वाजायचं. पिवळी सुरू करण्याआधी ड्रमवाल्याने उठायचं, पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं पेडल काढायचं, आणि ड्रमवर ओव्हरकोटाच्या कापडाचा जाड तुकडा घालायचा. रेकॉर्डवर नाही, म्हणजे नाही. इतकंच काय, दुसऱ्या फेरीनंतर रेकॉर्डवर सगळेजण एक ठोकाभर अडखळतात, एक बारीकसं भोक पडतं, तेसुद्धा बॅण्ड इमानाने वाजवायचा. त्याला ते ‘उचकी’ म्हणायचे. उचकी जमली की आत्या पियानोवरून मान हलवायची, आणि तिची मान सहसा हलत नसे.

टकळीने आरशासमोर भाषण तयार केलं होतं. जुन्यांना बांधून ठेवलेलं, नव्यांनी दोर कापले. जुना ड्रमवाला म्हणजे सुतारपक्षी, नवा म्हणजे पाऊस. आईने केसांना क्लिप लावता लावता ऐकून घेतलं आणि म्हणाली, की सुतारपक्षी आत्यासमोर काढलास तर झाडावरून तूच खाली येशील.

आईचं खोटं नव्हतं. ड्रमची खुर्ची आधी धाकट्या काकाची होती, आत्याच्या सगळ्यात लाडक्या भावाची. त्याने एका रविवारी पेडल काढायला नकार दिला. माझा पाय तिथे आपोआप जातो, तो म्हणाला. तर पायाला सांग, आत्या म्हणाली. शब्दाने शब्द वाढला, काकाने ब्रश टेबलावर ठेवले आणि दुकानाबाहेर पडला. तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं हवापाणी आणि नातेवाइकांचं ब्लडप्रेशर यांच्यापलीकडे गेलं नव्हतं.

शनिवारी दुपारी दुकान लवकर बंद झालं. आत्या पोस्टात होती. टकळीला सरावासाठी पिवळी रेकॉर्ड करून हवी होती, म्हणून बाबा, शिंपीकाका आणि डॉक्टर असे तिघे आले. तिने फोन शिलाई मशीनवर उभा केला, आणि मांजर घरात नाही हे बघून उंदराने हळूच ओव्हरकोटाचं कापड बाजूला केलं. पेडल लावलं. बाबांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

वाजवताना भारी वाटलं. ऐकताना सगळ्यांची तोंडं कडू झाली. पायाचा ठोका पडला की फोनमधून कापड टरकावल्यासारखा आवाज यायचा आणि त्या फाटलेल्या जागेत क्लॅरिनेट गडप. शिंपीकाका म्हणाले, पोरी, जरा मागे सरक. ती ड्रम घेऊन इस्त्रीच्या टेबलापर्यंत मागे गेली. तरी तेच. अजून मागे, कापडाच्या ताग्यांच्या आड. तरी तेच. शेवटी कपडे घालून बघायच्या खोलीत तिला घातलं आणि पडदा ओढला. तरी ठोका पडला की फोन बिचारा दबायचा आणि बाकीचे चिरडले जायचे. बाबा वैतागून म्हणाले, सोड तो पाय, तू आपला ठोकळाच घे.

तिने ठोकळा घेतला, आणि एकदम छान आलं. सगळं स्वच्छ, ट्रम्पेट ट्रम्पेटसारखा, क्लॅरिनेट वरून धावणारा, आणि मागे लांबून टकटक, टकटक. बाहेर तिघेही खूश झाले. डॉक्टर म्हणाले, अगदी रेकॉर्डसारखं.

आत टकळी तशीच बसून राहिली. त्या खोलीला तीन बाजूंनी आरसे होते. आरशात तिघी टकळ्या, तिघींच्या मांडीवर एकेक ठोकळा, तिघींना सगळ्यांपासून लांब, पडद्याआड नेऊन बसवलेलं. सुतारपक्षी. अगदी रेकॉर्डसारखं म्हणजे काय, हे तिला तेव्हा समजलं. त्या कर्ण्यासमोरही असंच झालं असणार. मोठा ड्रम वाजला की तबकडी कोरणारी सुई उडायची, हे तिने कुठेतरी वाचलंही होतं आणि परीक्षेनंतर विसरायच्या गोष्टींबरोबर विसरलीही होती. त्या माणसाला टकटक आवडायची म्हणून तो टकटक करत नव्हता. त्याला मागे नेऊन बसवलं होतं.

घरी जाऊन तिने पिवळी लावली. या वेळी कानांनी कमी आणि पायाने जास्त ऐकली, रिकाम्या जमिनीवर टाच टेकवून. आणि उचकी आली तेव्हा तिचा पाय नेमका त्या भोकात पडला. पुन्हा लावली, पुन्हा पडला. ते अडखळणं नव्हतंच. सहाजण एका ठोक्याला जागा देऊन थांबले होते. कान तबकडीला चिकटवल्यासारखं ऐकलं तर तिथे काहीतरी होतंही, लांबच्या खोलीत कोणीतरी दार ढकलल्याइतकं.

तिला नाचावंसं वाटलं, आणि ती नाचलीही थोडी. मग मटकन पलंगावर बसली. कारण हे रविवारी सांगायचं म्हणजे आत्याला तोंडावर सांगायचं, की उचकी चूक, कापड चूक, आणि काकाचा पाय बरोबर. आणि खुर्ची कोणाला द्यायची हे ठरवणार कोण, तर आत्या.

बाबांना सांगितलं तर ते ट्रम्पेट पुसत राहिले. मग म्हणाले, की तू आपलं नेहमीचं सांग, खुर्ची मिळू दे, नंतर बघू. टकळीने विचारलं, नंतर कधी, आणि बाबांनी ट्रम्पेट आणखी पुसला. म्हणून तिने काकाला फोन लावून तेच सांगितलं. तो आधी खूप हसला. आपल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, तो म्हणाला, कर्णा नाही, सुई नाही. फक्त तिथे पायाखालची पायरी गेल्यासारखं व्हायचं. आणि शेवटी म्हणाला, “हे बघ, खुर्ची हवी असेल तर गप्प बस. मला मध्ये घालू नकोस. मी तिचा भाऊ आहे, मला ती ओळखते. तू नवीन आहेस.”

गप्प बसणं टकळीला वर्षभरापूर्वी छान जमायचं. आता त्याची सवयच मोडली होती.

रविवारी ती टेबलाशी बसली, हात मांडीवर. समोर आत्या, बाजूला बाकीचे, मागे खडूच्या खुणा केलेले अर्धवट कोट घालून उभे असलेले दोन बिनडोक्याचे पुतळे, तेही ऐकत असल्यासारखे. आत्या म्हणाली, वयाने मोठी आधी.

टकळीने पिवळी सांगायला घेतली. ट्रम्पेट कसा दारातच बोलायला लागतो, क्लॅरिनेट कसा त्याच्या डोक्यावरून उड्या मारतो, ट्रॉम्बोन कसा घरातल्या जाड्या काकांसारखा दोघांच्या मधून वाट काढत जातो. शिंपीकाका हसले. आत्याही हसायच्या बेतात होती. मग दुसरी फेरी संपली. इथे ‘मग उचकी येते’ असं म्हटलं की पुढचा रस्ता सरळ होता, अगदी खुर्चीपर्यंत.

टकळी थांबली. बाबांनी तिच्याकडे बघून बारीकशी मान हलवली, नको म्हणून.

“मग मोठा ड्रम वाजतो,” टकळी म्हणाली. “तो आपल्याला ऐकू येत नाही, पण त्यांना येतोय. त्याच्यासाठीच ते थांबलेत.”

आणि मग तिने सगळंच सांगितलं, शनिवारचं चोरून पेडल लावल्यासकट, पडदा, आरसे, टरकावलेला आवाज, टाच. भाषणासाठी ठरवलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

आत्याने विचारलं, तू होतीस का तिथे? टकळी म्हणाली, नव्हते. मग हे खात्रीने कसं सांगतेस? खात्रीने नाही सांगत, टकळी म्हणाली, पण माझा पाय तिथे जातो. म्हणून झाल्यावर तिला कळलं की हे वाक्य या खोलीत आधी कोणीतरी बोललेलं आहे. आत्यालाही कळलं. तिने पियानोच्या झाकणावरून उगाच हात फिरवला, धूळ नसताना.

“म्हणजे इतकी वर्षं मी गाणं नाही वाजवलं,” ती म्हणाली. “त्या कर्ण्याची अडचण वाजवली.”

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि स्वतःच मिटलं. मग आत्या उठली, ओव्हरकोटाचं कापड तिने स्वतः ओढून काढलं, घडी घातली, आणि म्हणाली, वाजव.

पहिल्यांदा वाईट झालं. टकळीला आपलं बरोबर असल्याचा इतका आनंद झाला होता की तो सगळा पायात उतरला. मध्येच आत्या थांबली आणि म्हणाली, की ड्रम वाजवतेस की उसने पैसे मागायला दार ठोठावतेस. रेकॉर्डवर नव्हता तेच बरं होतं, असं शिंपीकाका पुटपुटले, आणि टकळीचे कान खूप दिवसांनी पुन्हा लाल झाले. बरोबर असणं एक, आणि ते वाजवता येणं दुसरं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्यांदा तिने टाच खाली टेकवली आणि नुसत्या चवड्याने दाबलं. ऐकू जायला नको, कळायला हवं, एवढंच डोक्यात ठेवलं. दुसरी फेरी संपली, सगळे थांबले, तिने त्या जागेत पाय ठेवला, आणि सगळे एकदम खाली उतरले. भोक राहिलंच नाही. आणि दोन ओळींनंतर शिंपीकाका वाजवायचे थांबले.

काय झालं, आत्याने विचारलं. काही नाही, ते म्हणाले. क्लॅरिनेट तोंडापासून लांब धरून ते त्याच्याकडे बघत होते. या उड्यांपाशी त्यांची नेहमी धांदल व्हायची, श्वास पुरायचा नाही. आपलं वय झालं असं ते समजून चालले होते. आज तिथे श्वास घ्यायला वेळ होता. “कोणीतरी मागून खुर्ची सरकवल्यासारखं झालं,” ते म्हणाले. “बसलो की हो मी त्यावर.”

आत्याने पियानोच्या पट्ट्यांवरचे हात मांडीवर घेतले. मग म्हणाली, “आणि करडी? ती राहिली.”

करडीचं टकळीला पाठ होतं, पाऊस आणि कापलेले दोर. पण आता ते सांगताना जीभ वळेना. करडीच्या वेळी यंत्र सुधारलं होतं, त्याला सगळं ऐकू यायचं, अगदी सॅक्सोफोनवाल्याचा श्वाससुद्धा. ड्रमवाला हवं ते वाजवू शकत होता. आणि तरी बाजू संपत आली की एका जागी तो थांबतो. ब्रश नाही, झांज नाही. बाकीचे तिघे चालत राहतात, एकाचाही पाय चुकत नाही. आजवर तिला वाटायचं, तो तिथे दमला असेल.

“पिवळीत तो वाजवतोय, पण ऐकू येत नाही,” ती सावकाश म्हणाली, तिला स्वतःलाच ऐकायचं असल्यासारखी. “करडीत ऐकू आला असता, पण तो वाजवत नाही. एकाला गप्प केलंय, एक आपणहून गप्प आहे. पण बाकीचे दोन्हीकडे त्याच्यावरच पाय ठेवून चालतायत. मला वाटायचं की नवं म्हणजे जुन्याचं उलटं. तसं नाहीये ते. हा त्याचंच ऐकून शिकलाय. न ऐकू आलेलं ऐकून.”

“एवढं पुरे,” आत्या म्हणाली. आवाजावरून काहीच कळलं नाही. तिने फोन उचलला आणि दुकानाबाहेर गेली.

काचेतून ती दिसत होती, फुटपाथवर, पाठ ताठ. टकळी स्टुलावरून उठली. मग बसली. मग पुन्हा उठली, कारण तिच्या लक्षात आलं होतं की आत्या कोणाला फोन करते आहे, आणि तो आला तर ही जागा कोणाची. मघाशी ती फक्त गप्प बसली असती तर आज खुर्ची तिची होती. आता तिनेच काकाचा पाय बरोबर ठरवला होता, आणि पायाबरोबर काकाही. बाबा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. कधी नव्हे ते त्यांनी मत दिलं नाही, फक्त खांद्यावर हात ठेवला.

बाहेर आत्या आधी बोलली, मग ऐकत राहिली. मग एकदा तिने फोन कानापासून लांब धरून डोळे पुसले, किंवा चष्मा, काचेतून नीट दिसेना.

ती आत आली तेव्हा नाक लाल होतं, आणि ते बाहेरच्या वाऱ्याने झालं असं सगळ्यांनी मानून टाकलं. पुढच्या रविवारी तो येतोय, तिने सांगितलं. त्याने आधी दोनदा फोन ठेवून दिला आणि तिने तिसऱ्यांदा केला, हेही सांगितलं, जणू पोस्टातली एखादी तक्रार निकालात निघाली.

“आणि खुर्ची?” टकळीने विचारलं. आवाज गेल्या वर्षीचा निघाला.

“त्यानेही तेच विचारलं,” आत्या म्हणाली. “मी म्हटलं, तू ऐकायला ये. खुर्चीवर माणूस बसलंय.”

टकळी उभीच होती. आत्याने पियानोपाशी बसून बाह्या मागे सारल्या आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, की मी खोटं बोलले असं व्हायला नको, बस आता. आणि पाय अजून हलका. त्या पुतळ्यांनासुद्धा ऐकू येतोय तो.